गावातच पाहुणी

सोमवार, रात्री

पुतणीचं लग्न काल झालं. मुलाकडचे पुण्याचे आणि हौशी, त्यांनी दोन्हीकडच्या जवळच्या माणसांना लग्नाच्याच हॉटेलात खोल्या दिल्या. हॉटेल इथंच कोल्हापुरात आणि आमचं घर शुक्रवार पेठेत, म्हणजे रिक्षानं फार तर पंधरा मिनिटं. हे म्हणाले, "गावात घर असताना हॉटेलात झोपायचं? लोक काय म्हणतील?" माझी बॅग तोवर भरून दारात होती.

बेड इतका उंच की सासूबाईंना चढताना हात द्यावा लागला. चादर गादीखाली अशी घट्ट खोचलेली की आत शिरायचं तर आधी झटापट. पायथ्याशी एक रंगीत पट्टा आडवा पसरलेला असतो. बूट न काढता आडवं होणाऱ्यांसाठी असावा, असा माझा तर्क.

ह्यांनी लग्नासाठी चप्पल लाईनीतून नवीन कापशी घेतली होती. तळाच्या थरांत विंचवाचं बी घालून केलेली, पाऊल टाकलं की कर्र कर्र. चार माणसांनी मान वळवून बघावं एवढ्यासाठीच ते पायताण घ्यायचं असतं. पण हॉटेलचा गालिचा सगळा आवाज गिळून टाकायचा. खोलीतून लिफ्टपर्यंत हे मांजरासारखे चालत गेले आणि तोंड पाडून परत आले. शेवटी पायताण वाजवायला म्हणून खाली लॉबीतल्या फरशीवर चक्कर मारायला निघाले आणि जाताना भिंतीतल्या खाचेतलं कार्डही घेऊन गेले. ते काढलं की खोलीतली वीज जाते. सासूबाई तेव्हा नेमक्या न्हाणीत. अंधारातून आवाज आला, "अगं, एवढ्या मोठ्या हॉटेलात बी लाईट जातीया व्हय?" मी मोबाईलचा उजेड धरून उभी, त्या साबण शोधतायत, आणि आमचे साहेब खाली कर्र कर्र करत फिरतायत.

रात्री सासूबाईंना झोप येईना. मग रंकाळा तलावाकाठच्या शालिनी पॅलेसचा विषय निघाला. १९३० च्या दशकातला तो राजवाडा, ऐंशीच्या दशकात त्याचं हॉटेल झालं, आता कितीतरी वर्षं बंद आहे. "रंकाळ्यावर गेलो की बाहेरनंच बघायचो," म्हणाल्या. "आत काय असंल, गाद्या कशा असतील, असं वाटायचं." मग गादीवर तळहात दाबून बघितला. "अशाच असणार."

सकाळच्या नाश्त्याचं काय सांगू. 'कोल्हापुरी मिसळ' अशी पाटी, पुढं वाटीभर गोडूस उसळ, कट नावाला नाही आणि सोबत पाव! इथं मिसळीबरोबर स्लाईस ब्रेड लागतो, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. रात्रीचा पांढरा रस्साही तसाच. काजू आणि साय भरपूर, मटणाच्या पाण्याचा पत्ता नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना झेपावं म्हणून करत असतील. त्यांना झेपो बापडं. डोसा मात्र सुरेख होता, दोन खाल्ले.

निघताना सगळ्यांचं एकच चाललं होतं, काही म्हणा, आपलं घर ते घर. मीही मान हलवली. पण मला अजिबात निघावंसं वाटत नव्हतं. पाणी यायच्या वेळेला साडेपाचला डोळे उघडले, सवयच ती. मग लक्षात आलं की नळ बघायचा नाही, दूधवाला नाही, डबे नाहीत, आज शाळेलाही रजा. तशीच पडून राहिले. काचेपलीकडं रस्त्यावर ऊसाची ट्रॉली वळण घेत होती, बहुतेक मोठ्यानं गाणी लावून. आत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आठ वाजेपर्यंत मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. माझा चष्मा कुठाय, गॅस लावलाय का, मोजे कुठं ठेवलेस. एक नाही! गाद्या, गालिचे सगळं ठीक आहे, मला आवडलं ते हे.

म्हणून हे सामान उतरवत होते तेवढ्यात मी काउंटरवर भाव विचारून घेतला. नवरात्रात आणि दिवाळीच्या सुट्टीत अंबाबाईच्या गर्दीमुळं चढा असतो, मधल्या वारी बराच उतरतो. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटी ५ टक्के, त्यावर गेली की १८. मधल्या वारी ती ७,५०० च्या आत बसते. भिशीचे पैसे पुढच्या महिन्यात येतायत.

मघाशी इचलकरंजीला बहिणीला फोन लावला. म्हटलं, पुढच्या महिन्यात एखाद्या मंगळवारी ये, एक रात्र हॉटेलात राहू, खोली मी घेते.

"कोल्हापुरात? तुझं घर सोडून?"

"होय की."

"आणि दाजी?"

"त्यांना सांगू, मी तुझ्याकडं इचलकरंजीला आलेय."