काकांच्या प्रेसमधे दोन ‘गिऱ्हाईक’ फोल्डर दिसले तेव्हा

नारायण पेठेत माझ्या काकांची छोटी प्रेस आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं असली कामं. ऐन लग्नसराईत काउंटरवरच्या पीसीची हार्ड डिस्क गेली आणि आठ-दहा ऑर्डरींची प्रूफं पहिल्यापासून करावी लागली. तेव्हा काका म्हणाले, "अरे तू रोज हिंजवडीला जाऊन हेच करतोस ना, मग आपल्याकडचंही बघ की जरा." मला फार लागलं ते, कारण खरंच होतं.

ठरलं असं की प्रत्येक मशीनवर रात्री एक पायथॉन प्रोग्राम चालेल, दिवसभराच्या ऑर्डरींची झिप बनवेल आणि आतल्या खोलीतल्या लिनक्सच्या मशीनवर ती उघडून एकत्र ठेवेल. काउंटरला विंडोज, डीटीपी करणाऱ्या ताईंकडे जुना मॅक, माझा लॅपटॉप उबुंटू. घरी एका संध्याकाळी लिहून झाला, मस्त चालला, आणि रविवारी दुकानात नेला तर कुठेच चालेना.

पहिली चूक सरळ होती, मी पाथमधे, म्हणजे फाइलच्या पत्त्यात, ‘स्लॅश होम’ आणि पुढं माझं नाव असं लिहून ठेवलेलं. मॅकवर घर, म्हणजे आपल्या अकाउंटचा होम फोल्डर, असतं ‘स्लॅश युजर्स’मधे, विंडोजवर सी ड्राइव्हच्या ‘युजर्स’मधे. मग मी विंडोजचा पाथ हातानं टाइप केला तर प्रोग्राम सुरूच होईना, कारण साध्या स्ट्रिंगमधे, म्हणजे कोडमधल्या अवतरणातल्या मजकुरात, बॅकस्लॅशनंतर कॅपिटल यू आला की पायथॉनला वाटतं पुढं एखाद्या अक्षराचा आठ हेक्स अंकांचा युनिकोड नंबर येणार. तो निदान एरर तरी देतो, फोल्डरचं नाव छोट्या टी नं सुरू होत असेल तर तिथे गुपचूप टॅब येतो आणि आपण तासभर शोधत बसतो. हा बॅकस्लॅश आला कुठून तर विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टिममधून, १९८१ च्या पहिल्या डॉसमधे फोल्डरच नव्हते आणि स्लॅश कमांडच्या ऑप्शनसाठी वापरात होता, १९८३ ला डॉस २ मधे फोल्डर आले तेव्हा दुसरी खूण घ्यावी लागली. मला हे कळल्यावर विंडोजवरचा राग बराच कमी झाला.

यावर उपाय पाथलिब, पाथ हाताळायची लायब्ररी, पायथॉन ३.४ पासून म्हणजे २०१४ पासून सोबतच येते. घर कुठंय ते ‘पाथ डॉट होम’ला विचारायचं आणि पुढचे तुकडे तिच्याच स्लॅशनं जोडायचे, स्ट्रिंगला स्ट्रिंग चिकटवायची नाही.

त्याआधी मी एक शॉर्टकट मारलेला, घरासाठी नुसतं टिल्ड (~) लिहिलं. टिल्डचं घर शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, करून देतं, पायथॉन आपणहून करत नाही, त्यामुळे लॅपटॉपवर टिल्ड याच नावाचा खराखुरा फोल्डर तयार झाला. तो उडवायला मी आरएम (फाइल पुसायची कमांड), मायनस आर, टिल्ड असं टाइप केलं आणि एंटरवर बोट असताना थांबलो. शेलनं त्या टिल्डचं माझं अख्खं होम केलं असतं! मग पुढं डॉट आणि स्लॅश लावून काढला तो फोल्डर. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

पुढच्या रविवारी काउंटरवर प्रोग्राम बिनतक्रार चालला पण झिप रिकामी. कारण काकांनी क्लाउड बॅकअप चालू केलेला, त्यामुळे त्यांचं खरं ‘डॉक्युमेंट्स’ दुसऱ्याच फोल्डरच्या आत गेलेलं, आणि मी होमच्या पुढं ‘डॉक्युमेंट्स’ जोडून जुन्या रिकाम्या जागी शोधत होतो. घर माहीत झालं म्हणजे घरातली खोली माहीत झाली असं नाही, तीपण सिस्टिमलाच विचारावी लागते. त्यासाठी प्लॅटफॉर्मडर्स नावाची लायब्ररी घेतली. सेटिंगची फाइल कुठं ठेवायची तेही तीच सांगते, विंडोजवर ‘ॲपडेटा’, मॅकवर ‘लायब्ररी’तलं ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’, लिनक्सवर डॉट लावलेलं ‘कॉन्फिग’.

आणि मग ते दोन फोल्डर. लिनक्सवर झिपा उघडल्या तर ‘गिऱ्हाईक’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी, अक्षराचा फरक नाही. एकात काउंटरच्या फायली, दुसऱ्यात ताईंच्या. ताई म्हणाल्या, "मी नाही हो दुसरं काढलं." मला वाटलं कुठंतरी स्पेस राहिली असेल, पण नाही. शेवटी दोन्ही नावांची लांबी छापली, एक आठ, एक नऊ. मग एकेक अक्षराचा कोड छापला तेव्हा दिसलं, काउंटरच्या नावात ऱ हे एकच अक्षर, ०९३१, आणि मॅकच्या नावात र आणि खाली नुक्ता (ठिपका) अशी दोन, ०९३० आणि ०९३सी. दिसायला दोन्ही सारखेच. मॅकची डिस्कवर फायली ठेवायची जुनी पद्धत, एचएफएस प्लस, नावं अशी सुटी करूनच ठेवते, २०१७ ला आलेली नवी पद्धत एपीएफएस तसं करत नाही, पण ताईंचा मॅक त्याआधीचा. लिनक्स नुसते बाइट बघतं, त्याच्यासाठी ती दोन वेगळी नावं.

म्हणजे कऱ्हाड, दुसऱ्या, गोऱ्हे, आपल्या रोजच्या लिहिण्यातला हा ऱ जिथं जिथं येईल तिथं हे होणार, आणि इंग्रजी नावांवर टेस्ट करणाऱ्याला कधीच कळणार नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आता झिप बनवतानाच प्रत्येक नाव एनएफसी करून घेतो, म्हणजे सुटे तुकडे परत एका अक्षरात जोडून घेतो, एका ओळीचं काम आहे. मजकूर वाचताना एन्कोडिंग, म्हणजे बाइटांची अक्षरं कशी करायची ती रीत, यूटीएफ-८ असं स्वतःहून लिहितो, विंडोजच्या भरवशावर सोडत नाही.

गेल्या महिन्यात काउंटरला नवीन मुलगा आला, त्यानं विंडोजचं लोकल अकाउंट स्वतःच्या नावानं मराठीत काढलं, म्हणजे होम फोल्डरच देवनागरीत. काकांचा फोन आला, "अरे, आता बिघडेल का?" मी संध्याकाळी जाऊन प्रोग्राम टाकला, रात्री दहाला झिप बनली, आत उघडली, ‘गिऱ्हाईक’ एकच.