पाच चिठ्ठ्या आणि आमचा ठराव

मंगळवार, रात्रीचे पावणेअकरा

आज नववी ब चा तास बरा झाला. बरा म्हणजे कोणी जांभई दिली नाही इतपत. पण शेवटची पाच मिनिटं डोक्यातून जात नाहीयेत, झोप काही येत नाही, म्हणून लिहायला बसले.

महाडचं चवदार तळं घ्यायचं होतं. बारा वर्षं शिकवतेय हा भाग आणि खरं सांगायचं तर त्यातली बरीचशी वर्षं एकच टेप, २० मार्च १९२७, बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले, खाली रेघ मारा, येतं परीक्षेला. पोरं रेघ मारतात, विषय संपला.

मध्ये एकदा उत्साहात नाटक बसवलं होतं. भूमिका वाटल्या, आणि पुढे पंधरा दिवस एका पोराला वर्गात त्या भूमिकेच्या नावाने चिडवत होते. तो काहीच बोलला नाही, त्याची आई येऊन सांगून गेली. तेव्हापासून कानाला खडा. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या घरात ही गोष्ट अजून ताजी आहे, त्यांच्यासाठी ते नाटक नसतं, हे मला आधी सुचायला हवं होतं.

म्हणून आज नुसत्या चिठ्ठ्या. प्रत्येक गटाला पाच, साल कशावरच नाही. कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा ठराव केला. महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. परिषदेला जमलेले लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल आला. बस, क्रम लावा म्हटलं.

आठ गट, आणि सातांनी पाणी पिण्याची चिठ्ठी सगळ्यात वर ठेवली! मग दोन्ही ठराव, मग कोर्ट. कारण पोरांच्या डोक्यात गणित पक्कं, आधी आंदोलन होतं मग सरकार कायदा करतं. आठव्या गटाने बरोबर लावलं होतं, पण का विचारलं तर म्हणे मॅडम अंदाजे.

मग मी फळ्यावर काही न बोलता साल लिहीत गेले. कायदे कौन्सिलातला ठराव, तो बोल्यांनी मांडलेला, १९२३. नगरपालिका १९२४. तळं मार्च १९२७. ठराव मागे, ऑगस्ट १९२७. हायकोर्ट १९३७. (काही न बोलता हे मला केवढं अवघड जातं ते माझं मला माहीत.)

थोडा वेळ शांतता, मग खिडकीजवळचा एकजण, जो एरवी फक्त मधल्या सुट्टीबद्दल बोलतो तो, म्हणाला, "म्हणजे परवानगी आधीच होती?" होती ना, तीन-चार वर्षं आधीपासून कागदावर होती. "मग सत्याग्रह कशाला केला?" आणि तिथून मला काही शिकवावंच लागलं नाही, पोरंच एकमेकांशी भांडायला लागली. ठराव झाला तर अंमलबजावणी कोणी करायची, पोलिसांनी का नाही केली, लोकांनी अडवलं तर नगराध्यक्ष काय करणार. सुरेंद्रनाथ टिपणीस नगराध्यक्ष होते आणि ते बाबासाहेबांच्या बाजूने होते हे सांगितल्यावर तर आणखी गोंधळ, अध्यक्षच बाजूने तरी होत नाही म्हणजे काय! नंतर तळं 'शुद्ध' करायला १०८ घागरी पाणी उपसून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतलं हे ऐकून मागच्या बाकावरून ईईई आलं. मी म्हटलं, शेण चालतं, माणूस चालत नाही. त्यावर कोणी हसलं नाही. सत्याग्रह ते निकाल दहा वर्षं, एकीने बोटं मोजून सांगितलं, "मॅडम म्हणजे मी चार वर्षांची होते तेव्हापासून आत्तापर्यंत."

घंटा व्हायला पाच मिनिटं होती तेव्हा तिनेच परत हात वर केला. "मॅडम, आपला पण तसाच आहे ना, ग्राउंडचा."

जूनमध्ये नागरिकशास्त्र (पुस्तकावर राज्यशास्त्र आहे, पण आम्ही सगळे अजून नागरिकशास्त्रच म्हणतो) शिकवताना मी वर्गसभा घेतली होती. सूचक, अनुमोदक, मतदान सगळं रीतसर. बुधवारच्या पीटीच्या तासाला मोठं ग्राउंड मुलींना, ३१ विरुद्ध १४ मतांनी मंजूर. वहीत नोंद, खाली माझी सही. मी पीटीच्या सरांना सांगितलं, ते बघू म्हणाले, आणि मी पुढचा धडा घेतला. मुलगे क्रिकेट खेळतात, मुली झेंड्याच्या ओट्यावर गप्पा मारत बसतात, आणि मला ते दर बुधवारी स्टाफरूमच्या खिडकीतून दिसतं.

वर्ग माझ्याकडे बघत होता. हो, तसाच आहे, एवढंच म्हणता आलं मला. मुलगे खाली बघत होते, एक सोडून, तो म्हणाला पण मॅडम आमची मॅच आहे. तेवढ्यात घंटा झाली.

वर्गसभेची वही कपाटातून काढून पर्समध्ये टाकलीये. उद्या बुधवार. पाचवा तास त्यांचा पीटीचा आणि माझा ऑफ, पेपर तपासायचे राहिलेत पण ते राहू देत, जाऊन उभी राहते ग्राउंडवर. सरांशी वाजणार बहुतेक.