पानावरून गाभा कळत नाही

चौदा वर्षांची चंदनबाग राखलेले एक काका पानांची पिशवी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "मॅडम, डीएनए तपासून झाडात तेल किती आहे तेवढे सांगा." रोप विकणाऱ्यांनी त्यांना तसे पटवून दिले होते, याचा मला अजूनही संताप येतो. पानाच्या साध्या डीएनए चाचणीवरून झाड सँटालम अल्बमच, म्हणजे आपले पांढरे चंदनच, आहे की नाही, एवढे कळते. पान, साल, पांढरे लाकूड आणि गाभा, म्हणजे मधले पक्के सुगंधी लाकूड, या सर्वांत डीएनए तोच असतो. कोणते जनुक कुठे काम करते, यात खरा फरक असतो, आणि चंदनतेलातले मुख्य सुगंधी द्रव्य सँटालॉल साठते ते खोडाच्या व मुळांच्या गाभ्यात.

म्हणून बागेत जाऊन आम्ही एकाच ओळीतल्या, सारख्याच घेराच्या दोन झाडांना पोकळ गिरमिट लावले. पहिल्या झाडाची 5 मिलिमीटर जाडीची कांडी सालीखाली पांढरी, मग अगदी थोडी फिकट पिवळसर आणि पुढे तपकिरी निघाली. वास होता तो त्या तपकिरी भागालाच. दुसरी कांडी पार मध्यापर्यंत पांढरी होती. काकांनी दोन्ही हुंगून पाहिल्या. "पाणी एकच, सोबतीला तूरही एकच लावली होती, मग हे असे कसे?"

तेलाची घडण त्या फिकट पट्ट्यातल्या जिवंत पेशींत चालते, म्हणून दोन्ही कांड्यांचा आतला भाग जागेवरच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकला. कोणते जनुक चालू आहे, हे पेशींतल्या आरएनएवरून, म्हणजे जनुकांच्या कामचलाऊ प्रतींवरून कळते; पण लाकडातील पॉलिफेनॉल या रसायनांमुळे तो तपकिरी आणि चिकट होऊन बसतो. त्यातून तपासणीच्या जेलवर चांगल्या आरएनएची खूण असलेल्या दोन स्वच्छ रेघा उमटवणे हे आमच्या हाताचे कसब आहे, आणि सगळे लाकूड एकत्र दळून 'लाकडाचा नमुना' लिहिणाऱ्यांना लाकडातल्या या फिकट पट्ट्याचे वेगळेपण कधीच दिसणार नाही. पहिल्या झाडात सँटालीन घडवणारे जनुक (सँटालीन सिंथेज) आणि 2016 साली ओळखले गेलेले, सँटालीनचे सँटालॉल करणारे जनुक, दोन्ही जोरात चालू होती. दुसऱ्यात त्यांची जेमतेम चाहूल लागली.

ही झाडे बियांपासून वाढवलेली आहेत, त्यामुळे प्रत्येकाचा वारसा वेगळा. शिवाय चंदन शेजारच्या झाडांच्या मुळांना धरून त्यांतून पोषण घेते; तूर गेल्यावर कोणत्या झाडाने जमिनीखाली कोणाच्या मुळांना धरले, हे वरून दिसत नाही. यांपैकी कारण कोणते, हे दोन झाडांवरून ठरवणे मला पटत नाही. अहवालात दुसऱ्या झाडापुढे मी 'या उंचीवर आज गाभा नाही' एवढेच लिहिले. गाभा बुंध्याकडून वर चढत जातो, म्हणून पुढच्या वेळी गिरमिट जमिनीलगत लावायचे, असे काकांशी ठरले आहे.