चढ उजवीकडे हवा

माझ्या खोलीतल्या फरशीवर गेले तीन आठवडे एक केबिन आखलेली आहे. कागदी चिकटपट्टी लावून, जहाजाच्या आराखड्यावरून माप घेऊन. दार इथे, पलंग तिथे, त्याच्या पायथ्याशी टेबल, कोपऱ्यात बाथरूम. रोज संध्याकाळी मी माझी चाकांची खुर्ची घेऊन त्या ‘दारातून’ आत जाते, वळते, पलंगाला लागते, बाथरूममध्ये जाते, परत बाहेर येते. पट्टीवर चाक आलं तर ती भिंत समजायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

अकरा वर्षं झाली मी व्हीलचेअरवर आहे. पायांत शक्ती नाही आणि इतकी वर्षं चाकं ढकलून ढकलून डावा खांदा झिजला आहे. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा क्रूझवर गेले, एकटी. आता पुन्हा जाते आहे, पुन्हा एकटी. सोबत कोणी यायला तयार नाही म्हणून नव्हे. बहीण दर वेळी विचारते. पण आपलं माणूस बरोबर असलं की दार दिसायच्या आत त्याचा हात दाराकडे जातो, पाण्याचा ग्लास मागायच्या आत पुढ्यात येतो. त्या प्रेमाची मला किंमत आहे. तरीही वर्षातले आठ-दहा दिवस माझी सकाळ कधी सुरू करायची आणि कुठल्या बाजूला तोंड करून समुद्र बघायचा, हे मला माझं ठरवायचं असतं.

तर गेल्या वेळची केबिन. वेबसाइटवर व्हीलचेअरचं निळं चित्र होतं, खाली ‘अ‍ॅक्सेसिबल’ असं लिहिलं होतं. मला तेवढं पुरेसं वाटलं. दार खरंच रुंद होतं, बाथरूमला उंबरठा नव्हता, मी खूश झाले. मग आंघोळीला गेले. भिंतीला घडीची सीट एका बाजूला होती आणि नळ, हँड शॉवर समोरच्या भिंतीवर. सीटवर बसून नळाला हात पोचत नव्हता. म्हणून आधी खुर्चीतूनच नळ सोडायचा, हँड शॉवर ओढून मांडीवर घ्यायचा आणि मग सीटवर सरकायचं. तोपर्यंत सीट ओली, कपडे ओले, हात ओले. ज्यांनी कधी ओल्या प्लॅस्टिकवर एका हाताच्या जोरावर स्वतःला उचलून ठेवलं आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. अंग चिकटतं, मग एकदम घसरतं. आठ दिवसांत मी पाच वेळा आंघोळ केली. बाकीचे दिवस अंग पुसून काढले.

त्याहून मनाला लागलं ते दार. जहाजावर केबिनचं दार आग रोखण्यासाठी बनवलेलं असतं. ते जड असतं आणि आपोआप मिटतं, ते मिटायलाच हवं. पण आतून ते आपल्याकडे ओढायचं असेल तर खुर्चीवरच्या माणसाला एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने खुर्ची मागे घ्यावी लागते आणि दार मिटायच्या आत पुढे यावं लागतं. माझा डावा हात तेवढा ताण घेत नाही. पहिल्या सकाळी वीस मिनिटं मी दाराशी झगडले. शेवटी फोन केला. केबिनची देखभाल करणारा स्टुअर्ड आला, फार चांगला मुलगा होता, रोज सकाळी न सांगता येत राहिला. पण माझ्या खोलीतून मी बाहेर केव्हा पडायचं, हे त्याच्या वेळेवर ठरू लागलं. एकटीने प्रवासाला निघायचं कारणच त्या दारात संपत होतं.

म्हणून या वेळी चित्रावर विसंबले नाही, मापं मागितली.

साध्या केबिनचं दार बहुतेक जहाजांवर २२ ते २४ इंचांचं असतं. माझी खुर्ची चाकांच्या बाहेरच्या कडांपर्यंत २५ इंच. म्हणजे साधी केबिन म्हणजे माझ्यासाठी भिंतच. शिवाय आत बाथरूमला उंच उंबरठा असतो. अ‍ॅक्सेसिबल केबिनचं दार साधारण ३२ इंचांचं असतं, उंबरठा काढलेला किंवा उताराचा, आणि खुर्ची जागेवर फिरवायला ५ फुटांचं मोकळं वर्तुळ. पण याही केबिन एकसारख्या नसतात. काहींत पलंग आणि कमोड दोन्हींपर्यंत पूर्ण मोकळीक असते. काहींत पलंगाच्या एकाच बाजूला खुर्ची जाते. काही तर काठी किंवा वॉकर घेऊन चार पावलं चालणाऱ्यांसाठी असतात, तिथे फक्त भिंतीला आधाराच्या दांड्या बसवलेल्या असतात. निळं चित्र तिन्हींवर असू शकतं. बुकिंग करताना ‘यांपैकी कुठली’ हे विचारून, उत्तर लेखी घ्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी एका जहाजाची तयार जागा सोडून दिली, तिच्याबद्दल. कमोड.

माझ्या खुर्चीची सीट उशीसकट २० इंच उंच आहे. अ‍ॅक्सेसिबल बाथरूममधला कमोड साधारण १७ ते १९ इंचांचा. म्हणजे जाताना मी खाली सरकते, येताना वर चढते. जाताना डावीकडे सरकले तर येताना उजवीकडे, जाताना उजवीकडे तर येताना डावीकडे. याला तिसरा मार्ग नाही. आणि वर चढताना ज्या बाजूला जायचं त्या बाजूच्या हाताला जास्त काम पडतं, निदान माझ्या शरीराचा अनुभव असा आहे. माझा डावा खांदा उतार सांभाळतो, चढ सांभाळत नाही. म्हणून मला कमोडवर बसल्यावर उजव्या हाताला मोकळी जागा हवी आणि डाव्या हाताला भिंत. उलट असेल तर बाथरूम कितीही प्रशस्त असो, दिवसातून पाच-सहा वेळा मला दुखऱ्या खांद्यावर शरीर चढवावं लागेल. एक ते तीन इंचांचाच चढ, पण आठ दिवसांत चाळीस वेळा.

बऱ्याच जहाजांवर समोरासमोरच्या दोन केबिन आरशातल्या प्रतिमेसारख्या असतात. एकीत भिंत डावीकडे, दुसरीत उजवीकडे. म्हणजे त्याच प्रकारच्या, त्याच भाड्याच्या दोन केबिनपैकी एक माझी आणि एक माझी नाही. बुकिंगच्या फोनवरच्या बाईंना हे समजायला थोडा वेळ लागला. मी त्यांना म्हटलं, ‘ताई, तुम्ही खुर्चीवर बसा आणि शेजारच्या खुर्चीवर पाय न टेकता सरकून बघा.’ पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, ‘आलं लक्षात, मी दोन्ही केबिनचे नंबर काढून देते.’ तिथून पुढे आमचं बोलणं सोपं झालं.

पलंगाचा प्रश्न त्यामानाने सोपा. खुर्ची दोन्ही दिशांनी तोंड करून लावता येते, जागा असली की झालं. क्रूझवरचा मोठा पलंग बहुधा दोन सिंगल पलंग जोडून केलेला असतो. एकट्या माणसाने ते वेगळे करायला सांगावं आणि एक भिंतीला सरकवून घ्यावा. माझ्या आखणीत त्यामुळे पावणेदोन फूट जागा सुटली. फक्त गादीपर्यंतची उंची विचारून ठेवा.

बाल्कनी मी सोडली. मैत्रिणी म्हणाल्या, समुद्रावर जाऊन बाल्कनी नाही? पण बाल्कनी असलेली, उजवीकडे मोकळा कमोड असलेली आणि जहाजाच्या मधोमध असलेली केबिन मला मिळत नव्हती. बाल्कनीच्या दारालाही उंबरठा असतो, त्यावर उतार टाकलेला आहे का ते वेगळं विचारावं लागतं, आणि ते दारही जडच. मी मोठ्या खिडकीची केबिन घेतली. जहाज मधोमध आणि खालच्या मजल्यांवर सगळ्यात कमी हलतं. उभ्या माणसाला जे नुसतं डुलणं असतं, ते मी दोन खुर्च्यांच्या मध्ये हातांवर तोललेली असताना आलं तर पडणं असतं.

पण फार खालीही जायचं नव्हतं. संकटाच्या वेळी लिफ्ट वापरत नाहीत. कर्मचारी खास खुर्चीतून जिन्यावरून नेतात. म्हणून सगळ्यांनी जमायची जागा कुठल्या मजल्यावर आहे ते विचारलं आणि तिच्या बरोबर वरच्या मजल्यावरची केबिन मागितली. एक मजला, आणि तोही उतरायचा. २०१२ साली कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट बुडाली, त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं याचा सराव, जहाज निघण्याआधी किंवा निघताच घ्यावं लागतं. ज्यांनी मदत लागेल असं कळवलं आहे त्यांची नोंद कप्तानाकडे जहाज सुटण्यापूर्वी जाते. पण कळवलं तरच. हे कळवायला संकोच करू नका, एकटे असाल तर मुळीच नाही.

आता एकटेपणाची किंमत. केबिनचं भाडं दोन माणसं धरून लावलेलं असतं, त्यामुळे एकट्याला बऱ्याचदा दुसऱ्या माणसाचंही भाडं भरावं लागतं. यावर उपाय म्हणून एकट्यांच्या छोट्या केबिन निघाल्या. २०१० साली आलेल्या नॉर्वेजियन एपिक या जहाजावर अशा १२८ स्टुडिओ केबिन होत्या, प्रत्येकी सुमारे १०० चौरस फुटांच्या. खुर्ची फिरवायचं ५ फुटांचं वर्तुळच जवळजवळ २० चौरस फूट खातं. उरलेल्या जागेत पलंग आणि रुंद बाथरूम कसं बसवायचं? मला ज्या ज्या जहाजांवर जायचं होतं, तिथे एकट्यांची केबिन एकीकडे आणि व्हीलचेअरची दुसरीकडे होती. जो एकटा आहे तो चालतो आणि जो चालत नाही त्याच्यासोबत कोणीतरी असतं, असं कुणीतरी गृहीत धरून आराखडा काढला आहे. याचा मला राग येतो. मी दुप्पट भाडं भरणार आहे आणि तसं कंपनीला लिहूनही कळवलं आहे.

हेच गृहीत नियमांतही दिसतं. अमेरिकेचा अपंगांच्या हक्कांचा १९९० चा कायदा परदेशी झेंड्याखालच्या जहाजांनाही अमेरिकी पाण्यात लागू होतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पेक्टर खटल्यात सांगितलं, आणि आमच्यासारख्यांना त्याचा मोठा आधार आहे. युरोपात जहाजाच्या प्रवाशांच्या हक्कांचा ११७७/२०१० हा नियम डिसेंबर २०१२ पासून लागू आहे. नुसतं अपंगत्वाचं कारण देऊन तिकीट नाकारता येत नाही. पण सुरक्षेसाठी अगदी आवश्यक असेल तर सोबत माणूस आणा असं कंपनी सांगू शकते. साध्या प्रवासी बोटीवर त्या सोबत्याला फुकट न्यावं लागतं, क्रूझवर ती सवलत नाही. शिवाय कपडे घालणं, उचलून ठेवणं, बाथरूमची मदत हे कर्मचाऱ्यांचं काम नसतं, हे जवळजवळ प्रत्येक कंपनी लिहून ठेवते. म्हणून गरजांच्या फॉर्मवर मी नुसतं ‘व्हीलचेअर’ लिहीत नाही. ‘खुर्चीतून पलंगावर, कमोडवर आणि शॉवरच्या सीटवर स्वतः सरकते. जिने चढत नाही. दार उघडायला मदत नको, बटणाचं दार हवं’ असं सरळ लिहिते.

बटणाचं स्वयंचलित दार काही नव्या जहाजांवर असतं. माझ्या यादीत तेच सगळ्यात वर होतं.

दोन गोष्टींना बुकिंगच्या वेळी ठामपणे नाही म्हणायचं. केबिन कंपनी निवडेल असं स्वस्त तिकीट घ्यायचं नाही आणि फुकटात वरची केबिन देऊ केली तरी आधी ती अ‍ॅक्सेसिबल आहे का हे विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही. खुर्चीला बॅटरी असेल तर चार्जिंग केबिनच्या आतच करावं लागतं, खुर्ची बाहेर बोळात ठेवू देत नाहीत, आणि एक्स्टेन्शन बोर्ड बहुतेक जहाजांवर चालत नाही. प्लग पलंगाजवळ आहे का ते विचारा.

आणि मार्ग. सँटोरिनी किंवा ग्रँड केमनसारख्या ठिकाणी मोठं जहाज नांगर टाकून लांब उभं राहतं आणि छोट्या टेंडर बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं. लाटा असतील तर खुर्चीवरच्या माणसाला त्या बोटीत घेत नाहीत. तो निर्णय कप्तानाचा. मी सात बंदरांपैकी पाच ठिकाणी धक्क्याला लागणारा मार्ग निवडला. उरलेल्या दोन दिवशी जहाज रिकामं असेल, मी खिडकीशी बसेन.

काल बुकिंगच्या त्या ताईंचा मेल आला. त्यांनी जहाजावर कळवून फोटो मागवले होते. पहिल्या फोटोत केबिनचं दार, चौकटीवर आडवी धरलेली मोजपट्टी आणि ती धरणाऱ्या कुणाचातरी अंगठा: ३३ इंच. दुसऱ्यात दाराशेजारचं बटण. तिसऱ्यात कमोड, डावीकडे भिंत, उजवीकडे मोकळी फरशी. चौथ्यात शॉवर. नळ सीटच्या बाजूच्याच भिंतीवर होता. खाली एक ओळ होती, की बाथरूम आराखड्यात दाखवलंय त्यापेक्षा दोन इंच अरुंद आहे.

आज संध्याकाळी मी बाथरूमची पट्टी उपटून दोन इंच आत लावली. खुर्ची उलटी आत घेतली, उजवीकडची जागा सोडली, वळले. डावं चाक पट्टीच्या कडेला टेकलं, पलीकडे गेलं नाही. आणखी दोनदा करून पाहिलं. उद्या पैसे भरते.