एक टुक, मग दोन टुक

“सर, म्हजो पीसी वाजता,” तिसऱ्या रांगेतली मुलगी हात वर करून म्हणाली.

व्हीएलएसआयची, म्हणजे चिप रचनेच्या विषयाची, प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. मे महिना, पावसाआधीचा जीव काढणारा उकाडा, आणि सकाळपासून विजेची ये-जा. “यूपीएस असणार, बॅटरी उतरली की बोंबलतो तो,” आमचा परिचर म्हणाला. मलाही तेच वाटलं. गोव्यात मे महिन्यात काहीही वाजलं की आधी यूपीएसकडे बघायचं, ही आम्हा कॉलेजचे संगणक सांभाळणाऱ्या सिस्टिमवाल्यांची सवयच.

पण यूपीएस ठरावीक अंतराने वाजत राहतो. हा आवाज वेगळा होता. एक टुक, क्षणभर शांतता, मग लागोपाठ दोन, आणि त्यानंतर बराच वेळ काही नाही. शिवाय तो येत होता सीपीयूच्या डब्यातल्या जुन्या स्पीकरमधून. मी जागेवर जाऊन बसलो आणि विचार करता करता एकदम आठवलं: एक्सडब्ल्यूडी! लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या उमटवणारी यंत्रणा म्हणजे एक्स विंडो सिस्टिम, थोडक्यात एक्स. तिच्यासोबत येणारी ही जुनी आज्ञा पडद्याचं चित्र फाइलमध्ये उतरवते. सुरुवातीला एकदा घंटी देते, काम झालं की दोनदा. मॅन पेजमध्ये, म्हणजे आज्ञेच्या माहितीपानात, तसं लिहिलेलंच आहे.

म्हणजे त्या मुलीच्या पडद्याचं चित्र कोणीतरी घेत होतं. आणि ती तर दोन्ही हातांनी लेआउट, म्हणजे चिपचा नकाशा, काढण्यात गुंतलेली.

इथे आमच्या प्रयोगशाळेची रचना सांगायला हवी. लेआउटचं सॉफ्टवेअर मागच्या खोलीतल्या एका दणकट यंत्रावर, कारण परवाना तेवढ्यापुरताच. मुलं बसतात साध्या लिनक्स पीसींवर, खिडक्या उमटतात त्यांच्या पडद्यावर. सगळे मागच्या यंत्राला सर्व्हर म्हणतात, पण एक्सच्या हिशेबात ते उलटं आहे. पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळतो तो एक्स सर्व्हर, म्हणजे मुलांच्या पुढ्यातला प्रत्येक पीसी. मागच्या खोलीतलं सॉफ्टवेअर हा त्याचा क्लायंट. ‘मला इथे एक खिडकी काढू दे’ अशी विनंती तो नेटवर्कवरून करतो. कुठल्या पीसीला विनंती करायची हे डिस्प्ले नावाच्या चलात लिहिलेलं असतं आणि शून्य क्रमांकाचा डिस्प्ले टीसीपीच्या ६००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या एका ठरलेल्या दारावर, ऐकत असतो.

हल्लीचे एक्स सर्व्हर आपणहून हे पोर्ट उघडत नाहीत. २०१५ पासून ते मुळात बंदच येतं. आमच्याकडे मात्र प्रयोगशाळा बसवून देणाऱ्या कंत्राटदाराने लाइटडीएमच्या, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलमध्ये टीसीपीला परवानगी दिली होती आणि लॉगिनच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली होती: एक्सहोस्ट प्लस. त्याचा अर्थ, कोणीही या, कुठूनही या. खिडकी उघडत नाही अशी तक्रार आली की शंभरातले नव्वद जण हाच उतारा देतात. खिडकी उघडते, तक्रार मिटते, दार मात्र सताड उघडं राहतं.

आणि एक्समध्ये दारातून आत आलेल्याला पुढे अडवणारं कोणी नाही. पडदा वाचा, दुसऱ्याच्या खिडक्या हलवा, कोण काय टाइप करतंय ते ऐका. १९८४ मध्ये एमआयटीच्या अथीना प्रकल्पात रॉबर्ट शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी हे काम सुरू केलं तेव्हा एका संस्थेतली यंत्रं एकमेकांवर विश्वास ठेवत. गंमत म्हणजे नेटवर्कवर ओळख पटवणारं कर्बेरॉससुद्धा त्याच प्रकल्पातून आलं.

परीक्षा घेणाऱ्या मॅडमना मी बाजूला घेतलं. “मॅडम, परीक्षा थांबवू नका, पण थोडा वेळ द्या.”

“कॉपी?”

“असावी. कोण ते अजून माहीत नाही.”

त्या मुलीच्या पीसीवर माझ्या जागेवरून रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार घेऊन, शिरलो आणि नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा टीसीपीडंप लावून ठेवला. ६००० वर येणारी नवी जोडणी दाखव, मागच्या खोलीतल्या यंत्राकडून येणारी सोडून. मग वाट बघणं. परीक्षक बेळगावहून चोर्ला घाटाने आले होते, वळणांनी आधीच वैतागलेले. मी परीक्षा सोडून काळ्या पडद्याकडे टक लावून बसलोय हे त्यांना रुचत नव्हतं.

टुक. टुक-टुक. पडद्यावर एक पत्ता उमटला, शेवटच्या रांगेतल्या खिडकीजवळच्या पीसीचा. त्याच्याकडे गेलेला मजकूर सुमारे पाच एमबी. १२८० गुणिले १०२४ ठिपके, प्रत्येकाला चार बाइट: बरोबर तेवढेच. एक्सडब्ल्यूडी चित्र दाबून लहान करत नाही, त्यामुळे हिशेब जुळायला वेळ लागला नाही. त्या मुलाच्या फोल्डरमध्ये त्याच आकाराच्या फाइली ओळीने होत्या. उघडून पाहिल्या तर चिपचे रंगीत थर: तांबडं पॉलिसिलिकॉन, हिरवं डिफ्यूजन, निळा मेटल. परीक्षेत काढायला दिलेलं सर्किट, तिचा नँड गेट, टप्प्याटप्प्याने पुरा होत गेलेला.

मला सगळ्यात जास्त मजा कशाची वाटली सांगतो. त्या मुलाला आवाजाचा पत्ताच नव्हता. आज्ञा चालत होती त्याच्या पीसीवर, पण घंटी ही कीबोर्डसारखीच एक्स सर्व्हरची वस्तू. ज्याचा पडदा उतरवायचा त्याच्याकडेच ती वाजणार. चोर शेजारच्या घरात शिरावा आणि दारावरची घंटा फक्त घरमालकालाच ऐकू यावी, तसं. आज्ञेला ‘सायलेंट’ हा पर्याय जोडला असता तर मी आजही यूपीएसलाच शिव्या देत असतो.

आता परीक्षा चालू असताना दार बंद करायचं होतं. एक्सहोस्ट मायनस दिलं की आधीच्या जोडण्या तुटत नाहीत, फक्त नव्या अडतात. पण लेआउटचं सॉफ्टवेअर अधूनमधून नवी जोडणी मागतं, म्हणून आधी मागच्या यंत्राचं नाव यादीत घालायचं आणि मगच मायनस. उलट क्रमाने केलं असतं तर भर परीक्षेत बोंब झाली असती. ही यादी ज्या त्या पीसीवरूनच बदलता येते, म्हणून एक छोटी लूप लिहून एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने, सगळीकडे फिरवली. कोणाचं काही अडलं नाही. मागच्या यंत्रात लॉगिन करून तिथून चोरी करण्याची वाट उरलीच होती. तिथे मी स्वतः नजर ठेवली.

मॅडमच्या पीसीचं दार मुद्दाम शेवटी बंद करायचं ठेवलं, कारण परीक्षकांना पटत नव्हतं. “पोरगा जागेवरून उठला नाही. मग पाहिलं कसं?” मी माझ्याकडून एक्सआइज चालवलं आणि मॅडमच्या पडद्यावर दोन गोल डोळे उघडले. परीक्षकांनी माउस हलवला, बुबुळं मागे मागे. “याच वाटेने तुम्ही काय टाइप करता तेही वाचता येतं,” मी म्हटलं. त्यांनी कीबोर्डवरचा हात हळूच उचलला.

पुढचा निर्णय माझा नव्हता. मॅडम त्या मुलाजवळ गेल्या, आवाज न चढवता म्हणाल्या, “ऊठ रे, पुढे येऊन बस.” नँडऐवजी त्याला नॉर गेट दिला आणि तोंडी परीक्षा परीक्षकांनी एकट्याने घेतली. मुलीला वाया गेलेला वेळ वाढवून मिळाला.

परीक्षा संपल्यावर मी कंत्राटदाराला फोन लावला. “इतकी वर्षं चाललंच ना?” तो म्हणाला. “ती ओळ काढाल तर रोज तक्रारी येतील बघा.”

सुट्टीत ती ओळ काढलीच, ६००० चं पोर्ट बंद केलं. आता मुलं एसएसएचच्या एक्स फॉरवर्डिंगने जातात, म्हणजे खिडक्या एसएसएचच्याच सुरक्षित वाटेने येतात. डिस्प्लेचा आकडा दहापासून पुढे आपोआप मिळतो आणि दर जोडणीला १२८ बिटांची कुकी, म्हणजे गुप्त खूण, लागते. ती ज्याच्या त्याच्या घरच्या फोल्डरातल्या एक्सऑथॉरिटी फाइलमध्ये असते, मालक आणि रूट सोडून कोणी वाचू शकत नाही.

कंत्राटदाराच्या म्हणण्याप्रमाणे तक्रार आलीच म्हणा. नव्या सत्रात एक मुलगा आला, ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ असा फोटो घेऊन. सगळं तपासलं, सेटिंग जिथल्या तिथे. शेवटी त्याचा कोटा, म्हणजे डिस्कवर वाट्याला आलेली जागा, पाहिला तर काठोकाठ भरलेला. कुकी लिहायलाच जागा नव्हती. त्याला म्हटलं, आधी सिम्युलेशनच्या जुन्या फाइली उडव. त्याने उडवल्या, पुन्हा लॉगिन केलं आणि खिडकी उघडली.