कॅनडातली पालडी

कॅनडात पालडी नावाचं गाव कसं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. व्हँकुव्हर बेटावर आमच्याकडे कुणी पाहुणा आला की मी त्याला पालडीला नेते, आणि उतरल्या उतरल्या प्रश्न ठरलेला: "इथे बघायचं काय?" डंकन शहराच्या पश्चिमेला झाडीतला रस्ता, मोजकी घरं आणि एक गुरुद्वारा. संपलं गाव. पुण्याची मावशी तर नाव ऐकूनच म्हणाली होती, "म्हणजे अहमदाबादचं पालडी?"

नव्हे, पंजाबातल्या होशियारपूरचं. मायासिंग तिथले. 1906 साली ते ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे आमच्या या प्रांतात आले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात सोबत्यांबरोबर त्यांनी इथे सॉ मिल काढली. गोऱ्यांच्या तोंडी मायाचं 'मेयो' झालं होतं, तेच गावाला चिकटलं. पण कॅनडाच्याच उत्तरेकडच्या युकॉनमध्येही एक मेयो होतं आणि टपालाचा घोळ व्हायचा. शेवटी 1936 मध्ये गावाला मायासिंगांच्या जन्मगावाचं नाव मिळालं. तेव्हा या प्रांतात भारतीय माणसाला मताचा हक्कही नव्हता. तो मिळाला 1947 मध्ये. मतदार यादीत नाव नाही, पण नकाशावर पालडी! मला या गावाचं कौतुक आहे ते यासाठी.

मिलमध्ये शीख, जपानी, चिनी, गोरे सगळेच राबत. गुरुद्वारा 1919 मध्येच उभा राहिला. आजची इमारत नंतरची, 1959 ची. 1942 मध्ये सरकारने किनाऱ्यावरच्या जपानी कुटुंबांना उचलून छावण्यांत पाठवलं, त्यात इथलीही गेली. पुढे जवळपासचं मोठं लाकूड संपलं, मिलचं काम थांबलं, माणसं पांगली. मिलगावांचं असंच होतं.

मावशीला नेलं त्या दिवशी धो धो पाऊस होता. लंगरच्या पंगतीत तिने सवयीने एकच हात पुढे केला. रोट्या वाढणाऱ्या आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मी दोन्ही हात जोडून ओंजळ करून दाखवली. मग तिच्या ओंजळीत रोटी पडली, गरम, तूप लावलेली. वर 'माँ की दाल', म्हणजे काळ्या उडदाची आमटी. तिने तीन रोट्या खाल्ल्या.

रात्री तिने काकांना फोन लावला. "अहो, आज आम्ही पालडीला जेवलो!"

पलीकडून काका म्हणाले, "अगं, मग अहमदाबादला कधी पोचलात?"