पेनी, बर्फपेटी आणि गांधीलमाशा

शिकारीचा कॅम्प उभा राहतो जंगलात, पण त्याचं निम्मं काम वजनकाट्यावर होतं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बॉब मार्शल वाइल्डरनेस या राखीव रानात १९६४ च्या कायद्यानं इंजिनाला बंदी आहे. जीप नाही, चेनसॉ नाही, साधी हातगाडीसुद्धा नाही. दहा लाख एकरांच्या त्या रानात तंबू, पत्र्याची चूल, चंदी, पीठ-मीठ जे काही जातं ते घोड्या-खेचरांच्या पाठीवरून. वाटेत झाड आडवं पडलं असेल तर दोघांनी दोन टोकं धरून ओढायची करवत काढायची. मी मूळचा वाईचा, एरवी संगणकासमोर बसणारा. पण ऑगस्ट सरता सरता रजा टाकतो आणि तिथल्या एका शिकार-सहलवाल्याकडे पॅकर, म्हणजे जनावरांवर ओझी लादणारा, म्हणून जातो. त्या भागात एल्क या मोठ्या हरणाची बंदुकीची शिकार १५ सप्टेंबरला सुरू होते. घरी गणपतीची गडबड चालू असते तेव्हा मी बोचकी बांधत असतो.

खेचराच्या प्रत्येक बाजूला साधारण चौतीस किलो. दोन्ही बाजूंत किलोभराचाही फरक नको. फरक राहिला की खोगीर तसूतसूनं जड बाजूला कलतं, पाठ सोलवटते आणि त्या जनावराचा हंगाम तिथेच संपतो. सामान कॅनव्हासच्या चादरीत आवळून बांधायचं आणि खोगिराच्या लोखंडी कड्यांमधून आलेल्या दोरानं लटकवायचं. दोराच्या गाठी सगळ्या सुरगाठी. शेंडा ओढला की ओझं जमिनीवर. निरगाठ मारणाऱ्याला आमचा मुख्य पॅकर चहा विचारत नाही. वय सत्तरीकडे झुकलेलं, पण डोळे मिटून गाठ तपासतो.

दुसरी खुबी पिगटेलची. प्रत्येक खोगिराच्या मागे बारीक दोरीची एक कडी असते आणि मागच्या खेचराचं दावं तिलाच बांधायचं, खोगिराला कधीच नाही. एखादं जनावर दरीत घसरलं तर ही दोरी तुटते आणि बाकीची रांग वाचते. ती मुद्दाम कच्ची ठेवायची असते. हे नवख्यांना पटत नाही. 'सारखी तुटते' म्हणून त्या जागी नायलॉन लावणारे शहाणे मी पाहिले आहेत.

त्या दिवशी बेंचमार्कहून, म्हणजे रानातली वाट सुरू होते तिथून, निघताना एका गिऱ्हाइकाची बर्फपेटी आली. जाड प्लास्टिकची, गोठवलेलं मांस आणि बिअरनं भरलेली. काट्यावर ठेवली तर सेहेचाळीस किलो. तोलाला दुसऱ्या बाजूलाही तेवढंच हवं, म्हणजे खोगीर सोडूनच ब्याण्णव. मुख्य पॅकर म्हणाला, बिअर काढा. मालक म्हणाला, गिऱ्हाईक नाराज व्हायला नको. शिकाऱ्यांच्या सामानात निम्मी खोगीरभरती असते हे मालकालाही माहीत आहे, पण पैसे त्यांचेच. पेटी गुळगुळीत, दोर धरेना. मालकाच्या पुतण्यानं ट्रकवर माल आवळायचे खटक्याचे नायलॉन पट्टे आणले आणि करकचून पेटी थेट खोगिराला बांधली. आम्ही दोघांनीही नको म्हटलं. ओझं पेनीवर चढलं, कारण खेचरांत सगळ्यांत शांत तीच.

पुढे मुख्य पॅकरची रांग. त्याच्या घोडीच्या गळ्यात घंटा, खेचरं तिच्या आवाजामागे चालतात. मागे माझी रांग, पेनी तिसरी, शेवटी पुतण्या. उतारावरच्या अरुंद वाटेत जमिनीखाली गांधीलमाश्यांचं पोळं होतं. पहिली जनावरं पोळं तुडवून निघून जातात, डंख मागच्यांना बसतात. माझा घोडा उधळला. मागे फाट फाट असे दोन आवाज आले. पिगटेल तुटल्या होत्या. मान वळवली तर पेनी उतारावरून घसरत चाललेली. एका बाजूचं ओझं सुटून पडलं होतं, त्यामुळे पेटीच्या वजनानं खोगीर फिरून पोटाखाली आलं.

सुरगाठ असती तर एका हिसक्याचं काम होतं. खटक्यात खडी अडकली होती, तो उघडेना. चाकू काढला. नायलॉन कापायला वेळ लागतो, आणि पात्याच्या बोटभर पलीकडे तिचं पोट. तिची कातडी सारखी थरथरत होती, कान मानेला चिकटलेले, एक गांधीलमाशी डोळ्याच्या कोपऱ्याला बसलेली. मागचा पाय पट्ट्यात अडकला होता. तो तिनं जरासा उचलून धरला, झटकला नाही. घोडा असता तर त्यानं लाथाडून स्वतःचे पाय मोडून घेतले असते, वर मलाही तुडवलं असतं.

पट्टा तुटला, पेटी गडगडत खाली ओढ्यात गेली. झाकणसुद्धा उघडलं नाही. पेनी मात्र मी मोहोरकीला हात घालेपर्यंत तिथेच उभी.

हाड मोडलं नव्हतं. मांडीवर पट्ट्यानं कातडी सोलली होती, तोंड सुजलं होतं. पेनीचं सामान पुतण्याच्या घोड्यावर चढवलं, पुतण्या कॅम्पपर्यंत पायी. हा निर्णय मुख्य पॅकरचा, आणि मी त्याला विरोध केला नाही.

रात्री अस्वलांपासून सामान वर टांगत होतो. नियमानं जमिनीपासून दहा फूट उंच आणि खोडापासून चार फूट दूर. तेव्हा मुख्य पॅकरला विचारलं, पेनी उभी कशी राहिली? म्हणाला, "तुझ्यावरच्या मायेनं नाही. हललं तर पाय जाईल, एवढा हिशेब खेचराला येतो." मग सुटल्यावर का पळाली नाही? "घोडी वर थांबली होती. घंटा ऐकू येत होती."

पटण्यासारखं आहे. पण मोकळी झाल्यावरही तिला डंख बसत होते आणि घोडीकडे जायची वाट समोर होती, तिकडेही ती गेली नाही. याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही.

मालकानं गिऱ्हाइकाला सगळं गांधीलमाश्यांमुळे झालं असं कळवलं. पट्ट्याचा उल्लेख नाही. यंदा पेनीवर पट्टा बांधू देणार नाही असं मी त्याला आधीच लिहिलंय. त्यावर उत्तर नाही, पण हंगामाच्या सामानाची यादी आली आहे. तीत बर्फपेट्या दोन आहेत.